मोठे करून काढा, खऱ्या मापात तपासा

पुण्यात गुलटेकडीवरच्या मार्केट यार्डात उन्हाळ्याच्या दिवसांत आंब्याच्या पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात. पेटीवर लेबल असते. त्यावर बागायतदाराचा मार्का, गावाचे नाव, पेटीत किती डझन फळे आहेत तो आकडा आणि बहुधा एखादे रंगीत चित्र. भुसार विभागात गेले तर गोणपाटावर साच्यातून काळ्या शाईने उठवलेली अक्षरे दिसतात. बाजारातला व्यवहार पहाटेपासून घाईत चालतो. ही अक्षरे तिथे कोणी निवांत वाचत बसत नाही. नजर टाकायची आणि पुढे जायचे, एवढाच वेळ असतो.

एकच लेबल निरनिराळी माणसे निरनिराळ्या अंतरांवरून पाहतात. थप्पीतली नेमकी पेटी शोधणारा हमाल दोन-तीन मीटरांवरून पाहतो. नोंद करणारा दिवाणजी हातभर अंतरावरून पाहतो. गिऱ्हाईक पेटी उचलून डोळ्यांजवळ नेतो. या तिघांखेरीज एक चौथा माणूस आहे. तो बाजारात येतही नाही, पण लेबल सगळ्यांत आधी त्यानेच पाहिलेले असते. संगणकासमोर बसून त्या लेबलाचे चित्र तयार करणारा तो कलाकार. त्याने काम करताना चित्र आठपट, सोळापट मोठे केलेले असते. एकेक ठिपका दिसेपर्यंत ते फुगवलेले असते. म्हणजे ज्या मापात तो चित्र पाहतो, त्या मापात ते पुढे कोणीच पाहणार नसते!

यातून काय घोटाळे होतात, ते का होतात आणि ते टाळण्याची सोपी रीत कोणती, याचा विचार आपण या लेखात करणार आहोत. विषय लेबलांपुरता नाही. शाळेच्या भिंतीवरचा तक्ता, विज्ञान प्रदर्शनातला फलक, प्रश्नपत्रिकेतली आकृती या सगळ्यांना तो लागू पडतो. हल्ली ही कामे शिक्षक आणि विद्यार्थी स्वतःच संगणकावर करतात, म्हणून तो आपल्याही कामाचा आहे.

चित्र मोठे केले म्हणजे काय केले?

संगणकात साठवलेले छायाचित्र किंवा रंगवलेले चित्र म्हणजे खरे तर आकड्यांचा एक तक्ता असतो. आडव्या ओळी, उभे रकाने, आणि प्रत्येक घरात एका ठिपक्याचा रंग सांगणारा आकडा. या ठिपक्याला आपण चित्रबिंदू म्हणू. इंग्रजीतून आलेला पिक्सेल हा शब्दही आता सर्वांच्या ओळखीचा आहे. चित्र ‘शंभर टक्के’ मापात दाखवायचे म्हणजे चित्रातल्या एका बिंदूसाठी पडद्यावरचा एक बिंदू वापरायचा. ‘आठशे टक्के’ म्हणजे चित्रातल्या एका बिंदूसाठी पडद्यावरचे ८ × ८ = ६४ बिंदू वापरायचे.

इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगायला हवी. सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा पाहिला की साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी दिसू लागतात. तिथे विशालनामुळे नवी माहिती मिळते. संगणकावर चित्र मोठे केल्याने नवी माहिती काहीच मिळत नाही. तक्त्यात जितके आकडे होते तितकेच राहतात, फक्त प्रत्येक घर मोठे दिसते. फायदा हाताला होतो. नेमक्या एका घरावर बोट ठेवता येते, रेषेची कड नीट करता येते, एखादा डाग पुसता येतो. विशालन हे हाताच्या सोयीसाठी आहे. चित्र बरे झाले की वाईट झाले हा निवाडा मात्र डोळ्याने करायचा असतो, आणि डोळ्याची मोजपट्टी वेगळी आहे.

डोळ्याची मोजपट्टी

आपल्याला एखादी वस्तू किती मोठी दिसते हे तिच्या लांबीरुंदीवर अवलंबून नसते. ती डोळ्याशी किती कोन करते यावर ते अवलंबून असते. म्हणूनच हातातले नाणे चंद्राला झाकून टाकते.

निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायचे असतील तर त्यांच्यातला कोन साधारणपणे एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, असावा लागतो. याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. दृष्टिपटलावर ज्या ठिकाणी आपल्याला सर्वांत स्पष्ट दिसते तिथे शंकुपेशी अगदी दाटीने बसलेल्या असतात, आणि शेजारच्या दोन पेशींमधले अंतर सुमारे अर्ध्या मिनिटाच्या कोनाएवढे भरते. दोन काळ्या ठिपक्यांमधली पांढरी फट ओळखायची तर दोन्ही ठिपके आणि मधली फट यांचा प्रकाश वेगवेगळ्या पेशींवर पडायला हवा. त्याहून बारीक फट असेल तर डोळा सरासरी काढतो आणि काळ्या-पांढऱ्याऐवजी करडा रंग दिसतो.

एक मिनिटाचा कोन म्हणजे प्रत्यक्षात किती लांबी? हिशोब सोपा आहे. अंतराला ०.०००२९ ने गुणायचे. ३० सेंटिमीटरवर, म्हणजे पुस्तक वाचण्याच्या अंतरावर, ही लांबी सुमारे ०.०९ मिलिमीटर येते. दोन मीटरवर जवळजवळ ०.६ मिलिमीटर, सहा मीटरवर १.७ मिलिमीटर आणि दहा मीटरवर २.९ मिलिमीटर.

डोळे तपासण्याचा जो तक्ता दवाखान्यात टांगलेला असतो तो याच तत्त्वावर बनवलेला आहे. हेरमान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ साली तो प्रसिद्ध केला. त्यातल्या अक्षराची उंची पाच मिनिटांच्या कोनाएवढी आणि रेषेची जाडी एका मिनिटाएवढी असते. सहा मीटरवरून वाचायच्या ओळीतले अक्षर त्यामुळे ८.७ मिलिमीटर उंच येते. सहा मीटरवरून ही ओळ वाचता आली की आपली दृष्टी ‘सहा बाय सहा’ ठरते.

‘भार’ आणि ‘मार’

आता लेबलाकडे येऊ. देवनागरीत काही अक्षरांच्या जोड्या अशा आहेत की त्यांच्यातला फरक अगदी थोड्या जागेत सामावलेला असतो. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ या जोड्या पाहा. ‘भ’ आणि ‘ध’ यांची शिरोरेषा मध्ये तुटलेली असते, आणि ‘म’ व ‘घ’ यांची सलग असते. ही फट बुजली की ‘भार’चा ‘मार’ होतो आणि ‘धन’चे ‘घन’. ‘व’ आणि ‘ब’ यांच्यात पोटातल्या एका तिरक्या रेघेचा फरक. पोट शाईने भरले की ‘वाल’ आणि ‘बाल’ सारखेच दिसणार. अनुस्वाराचा ठिपका गेला की ‘शेंग’ची ‘शेग’. या चुका संदर्भावरून सुधारता तरी येतात. आकड्यांचे तसे नाही. १ आणि ९ या दोन्ही अंकांना गाठही आहे आणि शेपटीही. लांबून एकाऐवजी दुसरा वाचला गेला तर संदर्भ मदतीला येत नाही. बाजारात आकडा म्हणजे पैसा.

एक उदाहरण घेऊन हिशोब करू. समजा, लेबल इंचाला ३०० बिंदू या दाटीने छापायचे आहे आणि त्यावरच्या एका ओळीतल्या अक्षरांची उंची ३ मिलिमीटर आहे. एका बिंदूची रुंदी २५.४ भागिले ३००, म्हणजे ०.०८५ मिलिमीटर. अक्षराच्या उंचीत सुमारे ३५ बिंदू मावतात. कलाकाराने ‘भ’च्या शिरोरेषेत एका बिंदूची फट ठेवली आणि चित्र आठशे टक्के मोठे करून पाहिले. त्याच्या पडद्यावर इंचाला ९६ बिंदू आहेत. चित्रातला एक बिंदू पडद्यावर आठ बिंदू रुंद दिसतो, म्हणजे २.१ मिलिमीटर. लेबलावरच्या प्रत्यक्ष फटीपेक्षा ही पडद्यावरची फट पंचवीसपट मोठी आहे! आठशे टक्के या शब्दावरून आपल्याला वाटले होते आठपट. उरलेली वाढ कुठून आली? छपाईची दाटी पडद्याच्या दाटीपेक्षा तिपटीहून जास्त आहे, तिथून आली.

कलाकाराला समोर २ मिलिमीटरची स्वच्छ, ठसठशीत फट दिसते आहे. छापल्यावर ती ०.०८५ मिलिमीटरची होणार. हातात घेऊन पाहिले तरी ती डोळ्याच्या मर्यादेच्या काठावर आहे. त्यात शाई कागदावर थोडी तरी पसरतेच, म्हणजे फट बुजलीच. दोन मीटरवरच्या हमालाला ती दिसण्याचा प्रश्नच नाही. त्याला दिसायची तर फट ०.६ मिलिमीटरची, म्हणजे सात बिंदूंची हवी. पस्तीस बिंदूंच्या अक्षरात सात बिंदू म्हणजे पाचवा हिस्सा. स्नेलेनच्या तक्त्यातले प्रमाण ते हेच.

गंमत अशी की सात बिंदूंची फट आठशे टक्क्यांवर दीड सेंटिमीटर रुंद दिसते. कलाकाराला ती बेढब वाटते, अक्षर मोडल्यासारखे वाटते आणि तो ती कमी करतो. खऱ्या मापात जे बरोबर असते ते मोठ्या मापात चुकीचे वाटते. नुसते मोठे चित्र पाहून काम करणाऱ्याचा हात त्यामुळे नेमका चुकीच्या दिशेने जातो.

हल्ली अक्षरे बहुधा बिंदूंच्या तक्त्यात न साठवता वक्ररेषांच्या समीकरणांच्या रूपात साठवतात. त्यामुळे ती कितीही मोठी केली तरी कडा गुळगुळीत राहतात. पण फट किती रुंद ठेवायची हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो शाईचा आणि डोळ्याचा प्रश्न आहे.

उलटही घडते

मोठ्या मापात घाण वाटणारे चित्र खऱ्या मापात सुंदर असू शकते. पडद्यावरचे एखादे तिरके किंवा गोल अक्षर आठपट मोठे करून पाहा. काळ्या रेषेच्या कडेला फिकट, गडद असे करडे बिंदू विखुरलेले दिसतील. नवख्या विद्यार्थ्याला वाटते, ही धूळ आहे. तो चिकाटीने एकेक करडा बिंदू पुसून काळा किंवा पांढरा करतो. मग चित्र खऱ्या मापात पाहतो तो काय, गुळगुळीत गोलाईच्या जागी पायऱ्या पायऱ्या दिसू लागल्या आहेत! ते करडे बिंदू मुद्दाम ठेवलेले होते. रेषेची कड ज्या घरातून तिरकी जाते त्या घराचा जितका भाग रेषेने व्यापला असेल तितका गडद करडा रंग त्याला दिलेला असतो. खऱ्या मापात डोळा त्यांची सरासरी काढतो आणि कड गुळगुळीत दिसते.

वर्तमानपत्रातले छायाचित्र हे याचेच जुने उदाहरण. त्यात करडी शाई नसतेच. काळ्या शाईचे लहानमोठे ठिपके ठरावीक अंतरावर छापलेले असतात. वर्तमानपत्रासाठी इंचाला साधारण ८५ ओळींची जाळी वापरतात, म्हणजे दोन ठिपक्यांच्या मध्यांतले अंतर सुमारे ०.३ मिलिमीटर. भिंगातून पाहिले तर नुसते ठिपके, हातभर अंतरावरून पाहिले तर ओळखीचा चेहरा. भिंगाखाली बसून ‘ठिपके नीट करायचे’ ठरवले तर चेहरा कधीच सुधारणार नाही, कारण चेहरा एकेका ठिपक्यात नसतो, ठिपक्यांच्या परस्पर प्रमाणात असतो.

खिळे घडवणाऱ्यांची रीत

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. शिशाच्या खिळ्यांनी छपाई होत होती तेव्हा प्रत्येक अक्षराचा मूळ ठसा पोलादी कांबीच्या टोकावर हाताने कोरावा लागे. हा ठसा तांब्यावर मारून मातृका बनवायची आणि मातृकेत शिसे ओतून खिळे पाडायचे. ठसा अक्षराच्या खऱ्या मापातच कोरलेला असे, पण कोरणारा भिंगातून पाहत असे. म्हणजे त्याचाही हात मोठ्या मापात चाले. मग खऱ्या मापात अक्षर कसे दिसते हे त्याला कसे कळे? ठशाचे टोक तो ज्योतीवर धरी, त्यावर काजळी जमे आणि ते कागदावर दाबले की अक्षराचा काजळी छाप उमटे. भिंग बाजूला ठेवून तो छाप पाहायचा, पुन्हा भिंग घेऊन कानस चालवायची, पुन्हा छाप घ्यायचा. असे अनेकदा केल्यावर एक अक्षर तयार होई.

मराठी मुद्रणात हे कसब नावारूपाला आले ते मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात. जावजी दादाजी यांनी १८६९ साली हा छापखाना काढला. त्यांच्यासाठी अक्षरांचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव मराठी मुद्रणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. जोडाक्षरे, वरच्या मात्रा, खालचे उकार या सगळ्यांसह बारीक मापातली देवनागरी स्वच्छ उमटवणे किती अवघड आहे, हे वरचा हिशोब पाहिल्यावर आपल्या लक्षात येईल.

पुढे मोठा आराखडा काढून तो यंत्राने लहान करण्याची सोय झाली. चित्रकार मूळ चित्र छापायच्या मापापेक्षा मोठे काढू लागले. त्यांच्यापैकी काही जण लहान दाखवणारे भिंग, म्हणजे अंतर्वक्र भिंग, जवळ ठेवत. त्यातून पाहिले की चित्र लहान आणि सुलटे दिसते. लहान होऊन छापल्यावर कोणती रेघ उरेल आणि कोणती जाईल हे चित्र काढता काढताच समजे. भिंती आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे रंगारी यासाठी कुठलेच उपकरण वापरत नाहीत. शिडीवरून उतरून रस्त्याच्या पलीकडे जातात आणि वळून पाहतात.

पडद्यावर दोन खिडक्या

हीच रीत संगणकावर आली. १९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक बाजारात आला. त्यासोबत बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेली मॅकपेंट ही चित्रप्रणाली होती. तिच्यात ‘फॅटबिट्स’ नावाची सोय होती. चित्राचा एक तुकडा मोठा करून घ्यायचा, त्यातले बिंदू एकेक करून काळे-पांढरे करायचे, आणि त्याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत तोच तुकडा खऱ्या मापात दिसत राहायचा. मोठ्या चित्रात एक बिंदू बदलला की कोपऱ्यातले लहान चित्रही तत्क्षणी बदले. भिंग आणि काजळी छाप एकाच पडद्यावर आले. त्या संगणकावरची चिन्हे काढणाऱ्या सुझन केअर यांनी सुरुवातीची चिन्हे चौकटीच्या वहीत काढली होती. एका चिन्हासाठी ३२ × ३२, म्हणजे अवघे १०२४ चौकोन मिळत.

देवनागरीपुढे हाच प्रश्न जास्त कठीण रूपात उभा राहिला. पडद्यावर एका ओळीला पंधरा-सोळा बिंदूंची उंची मिळाली तर तेवढ्यात वरची वेलांटी, रफार, शिरोरेषा, अक्षराचे अंग आणि खालचा उकार बसवायचा. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणण्याचे मोठे काम केले. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज २००० या प्रणालीबरोबर लक्षावधी पडद्यांवर पोहोचला. अशा टंकांचे आराखडे मोठ्या मापात काढले जातात, पण त्यांची परीक्षा होते ती लहान मापात.

आज चित्रप्रणालींमध्ये दोन खिडक्यांची सोय सर्रास मिळते. गिम्प ही प्रणाली विनामूल्य आहे, त्यामुळे शाळांना ती सहज वापरता येते. तिच्या ‘व्ह्यू’ या यादीत ‘न्यू व्ह्यू’ हा पर्याय आहे. तो निवडला की त्याच चित्राची दुसरी खिडकी उघडते. सगळे एकाच मोठ्या खिडकीत दिसत असेल तर ‘विंडोज’ या यादीतला ‘सिंगल-विंडो मोड’ बंद करावा, म्हणजे दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी मांडता येतात. एकीत आठशे टक्के ठेवा आणि दुसरीत शंभर टक्के. फोटोशॉपमध्येही अशी दुसरी खिडकी उघडता येते. ही चित्राची दुसरी प्रत नसते, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. आकड्यांचा तक्ता एकच आहे, तो दोन मापांत दाखवला जातो आहे. म्हणूनच एकीत केलेला बदल दुसरीत आपोआप दिसतो.

एक खाचखळगा मात्र सांगायला हवा. शंभर टक्के म्हणजे छापल्यावरचे माप नव्हे. १० सेंटिमीटर रुंदीचे लेबल इंचाला ३०० बिंदूंनी केले तर त्यात ११८१ बिंदू येतात. इंचाला ९६ बिंदू असलेल्या पडद्यावर शंभर टक्क्यांत ते ३१ सेंटिमीटर रुंद दिसेल, म्हणजे तिप्पट मोठे. कागदावरचे माप पडद्यावर पाहायचे तर ते ३२ टक्क्यांवर ठेवावे लागेल. पडदा जास्त दाट बिंदूंचा असेल तर हा आकडा बदलतो. म्हणून खात्रीचा मार्ग एकच. पडद्यावर फूटपट्टी धरा आणि लेबल १० सेंटिमीटरचे दिसेपर्यंत टक्के कमी करा. तरीही लक्षात ठेवा, लहान करून दाखवताना संगणक शेजारच्या बिंदूंची सरासरी काढतो. पडद्यावरचे ते चित्र म्हणजे छपाईचा अंदाज, छपाई नव्हे. शेवटी एक कच्चा छाप काढून, तो भिंतीवर लावून, खऱ्या अंतरावरून पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये.

वर्गात करून पाहा

१. आलेख कागदावर २ मिलिमीटर बाजूचे चौकोन धरा. १५ × १५ चौकोनांत ‘भ’ आणि ‘म’ किंवा १ आणि ९ अशी जोडी चौकोन काळे करून काढा. ‘भ’च्या शिरोरेषेतली फट एकाच चौकोनाची ठेवा. कागद भिंतीवर लावून विद्यार्थ्यांना एकेक पाऊल मागे जायला सांगा. फट दिसेनाशी होते ते अंतर प्रत्येकाने मोजावे. २ मिलिमीटरसाठी हिशोबाने येणारे अंतर सुमारे ७ मीटर आहे. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल. कोणाचे उत्तर फारच कमी आले तर त्याचे डोळे तपासून घेण्याचा सल्ला पालकांना द्यावा. मग फट दोन चौकोनांची करून प्रयोग पुन्हा करावा.

२. दूरचे नीट दिसत नसलेल्याचा, म्हणजे ऋण क्रमांकाचा, चश्मा हातभर अंतरावर धरून त्यातून भिंतीवरचा तक्ता पाहा. तक्ता लहान आणि सुलटा दिसतो. चित्रकारांचे लहान दाखवणारे भिंग ते हेच. अंतर्वक्र भिंगाची किरणाकृती फळ्यावर काढून, असे का होते हे याच वेळी समजावता येईल.

३. वर्तमानपत्रातले छायाचित्र आधी भिंगातून, मग ३० सेंटिमीटरवरून, मग ३ मीटरवरून पाहा. तिन्ही वेळा काय काय दिसले ते वहीत लिहा. जवळून दिसलेले काय लांबून नाहीसे झाले, आणि लांबून दिसलेले काय जवळून दिसतच नव्हते, अशी दोन रकान्यांची यादी करा.

शेवटच्या बाकाचे माप

शिक्षकांसाठी या सगळ्याचा सर्वांत मोठा उपयोग तक्ते करताना आहे. तक्ता तयार करणारा संगणकापासून ६० सेंटिमीटरवर बसतो. वर्गातला शेवटचा बाक सहा मीटरवर असतो, म्हणजे दहापट लांब. तेव्हा शेवटच्या बाकावरून तक्ता कसा दिसेल हे पाहायचे असेल तर पडद्यावर तो त्याच्या खऱ्या आकाराच्या दहाव्या हिश्श्याएवढा करावा. छापील तक्त्यावर अक्षर २५ मिलिमीटर उंच असणार असेल तर पडद्यावर ते २.५ मिलिमीटर दिसू द्यावे. दोन्हींचा डोळ्याशी होणारा कोन सारखाच. दुसऱ्या खिडकीत तक्ता या मापात सतत उघडा ठेवला आणि त्यातली अक्षरे विनासायास वाचता आली तरच पुढे जावे. वाचता आली नाहीत तर मजकूर कमी करावा, अक्षरे मोठी करावीत.

२५ मिलिमीटर हा आकडा आम्ही सहज घेतलेला नाही. स्नेलेनच्या हिशोबाने सहा मीटरवर ८.७ मिलिमीटर पुरायला हवेत. पण ते रोमन अक्षरांसाठी, भरपूर प्रकाशात, निरोगी डोळ्यांना आणि जेमतेम ओळखण्यापुरते. ‘क्ष’, ‘ण’, ‘ध’ यांसारख्या अक्षरांत रेषा आणि फटी जास्त आहेत. ज्याची दृष्टी ‘सहा बाय बारा’ आहे त्याला अक्षर दुप्पट, म्हणजे साडेसतरा मिलिमीटरचे लागते. अशी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यापैकी कित्येकांकडे चश्मा नसतो, आणि आपल्याला कमी दिसते हे त्यांना स्वतःलाही माहीत नसते. अक्षर वाचता न आलेले मूल बहुधा तसे सांगत नाही. ते गप्प बसते आणि आपण समजतो की त्याचे लक्ष नाही.

तक्ता भिंतीवर लावल्यावर एकदा शेवटच्या बाकावर, खिडकीच्या उजेडाची चकाकी जिथे सर्वांत जास्त येते त्या बाजूला, मुलांच्या उंचीला खाली बसून तो वाचून पाहावा. यासाठी संगणक लागत नाही, आणि यात फार तर पाच मिनिटे जातात.